दुबईहून तीन तास, ऑकलंडहून वीस

१४ जुलै २०१६, हिल्सबरो, ऑकलंड

पुण्यात आई पडली, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घालून घरीही आली. मग मला विनूचा फोन. ही धाकटी बहीण दुबईहून तीन तासांच्या विमानानं केव्हाच पोचलेली. ऑकलंडहून वीस तास, वर विमान बदला.

"दादा, तू येईपर्यंत प्लास्टर निघून आईनंच दार उघडलं असतं!"

मागून आई: "विनू, अजून एक घास दे गं."

वरणभात असणार. विनू भरवतेय. मी मात्र नकाशावर बारा हजार किलोमीटर मोजतोय. षड्रिपूंत मत्सर शेवटचा म्हणे. आज पहिला आला. तो घास माझ्या हातचा का नाही?

शेवटी मीच विनूला फोन लावला. "पुढच्या वेळी आधी मला कळव."

"तुला कशाला आधी?"

"मला पोचायला वेळ लागतो म्हणून."