चाकाच्या खुर्चीतून कंदील पाहायला

आईस, नानजिंगहून शिउवेनचा नमस्कार.

माझा पाय बरा आहे, काळजी करू नकोस. डॉक्टर म्हणतात, चालायला वेळ लागेल, एवढंच.

उद्या संध्याकाळी नदीकाठी कागदी कंदिलांच्या जत्रेला जायचं ठरतंय. मी म्हटलं, "एवढ्या गर्दीत चाकाची खुर्ची कुठे घालता?" शेजारच्या फांगमावशी हसल्या. "अगं वेडे, खुर्ची पाहून लोक वाट देतील. तुझ्यामागून मलाही पुढे घुसता येईल!"

अपघातानंतर मी दाराबाहेर पडलेच नव्हते. लोकांच्या नजरा नको वाटतात. तरी हो म्हणाले, आणि लाल कोट उन्हात टाकला.

बाबांचा खोकला कसा आहे? सणाचे तांदळाच्या पिठाचे गोड गोळे केलेस का? इथले विकतचे फार घट्ट असतात.

लोकांना माझे पाय बघायचे तर बघू देत, आई. मला कंदील बघायचेत.

तुझीच,
शिउवेन