सत्तावीस नंबरचा फोन

३ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावली असशील. रागाव, पण आधी वाच. जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर बसून लिहितेय. काहीही वाजत नाही अशी सगळ्या इमारतीत एवढीच जागा उरली आहे.

एकतीस वर्षं तू जिथे बसून कंपनीचे फोन जोडलेस, ती खोली परवा रिकामी केली. तुझा बोर्ड भिंतीवरून उतरवला. तुझी खुर्ची गेटवरच्या पहारेकऱ्यांनी पळवली. आणि हे माझ्याच हातून झालं, कारण साहेबांनी या कामावर मलाच नेमलंय. फोन, निरोप, बैठका, कागदपत्रं सगळं एकाच पडद्यावर आणायचं, आणि शीतगृहातल्या हमालापासून वरच्या मजल्यापर्यंत प्रत्येकाने तेच वापरायचं. लोक त्याला खिडकी म्हणतात. माणूस जागेवर असला की नावापुढे हिरवा ठिपका दिसतो. माझा ठिपका कायम हिरवा असतो, त्यामुळे माझा घाससुद्धा कोणी सुखाने गिळू देत नाही. काल दिवसभरात तीनशे बारा निरोप आले. त्यातले निम्मे खिडकी कशी उघडायची हे विचारणारे होते, आणि ते खिडकीतूनच विचारले होते.

महिनाअखेर काम पुरं करायचंय. जुने फोन कुठले ठेवायचे नि कुठले काढायचे यात डोक्याचा भुगा झालाय. तू असतीस तर एका दमात सांगितलं असतंस. तुझे कान कसे आहेत? नवं यंत्र घालतेस की डब्यात ठेवलंयस?

लोभ आहेच, माझ्यासारखा त्याला थकू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

---

८ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

यंत्र डब्यात आहे. घातलं की भांडी ऐकू येतात, माणसं नाहीत. एकतीस वर्षं लोकांची बोलणी कानात ओतून घेतली, आता कानांनीच संप पुकारलाय. मी त्यांना दोष देत नाही. तू धाडलेल्या त्या चपट्या फोनवर टाइप करायला गेले तर बोट एका अक्षराला लावते आणि उमटतं तिसरंच. तेव्हा तुला माझं अक्षरच वाचावं लागेल.

खुर्ची पहारेकऱ्यांनी नेली ते बरं केलं. तिचं एक चाक अडकतं, त्यांना सांग. बोर्ड गेला म्हणून दोन दिवस जेवण गेलं नाही, हे तुला सांगणार नव्हते, पण सांगितलं.

आता कामाचं. तुझ्या त्या पडद्यावर कोणी किती बोललं याचा तक्ता निघत असेल. त्या तक्त्यावर फार विसंबू नकोस. माझ्या बोर्डावर दिवे लागायचे आणि प्रत्येक दिवा बोलण्यासाठी नसायचा. कुठले फोन काढणार ते आधी मला कळव. काढल्यावर नको, आधी. तुझ्या बापालाही सगळं उरकून मग विचारायची खोड होती.

जेवत जा. लोभ मी कमी करत नाही, तू पोळ्या कमी करू नकोस.

तुझी,
आत्या

---

१४ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कपाटाआड लपून तीनदा वाचलं. बोर्डाचं वाचून वाईट वाटलं. त्याचे सहा दिवे काढून ठेवलेत, तुला आणून देईन.

तुझं ऐकून यादी पाठवतेय. अकरा फोन काढायचे आहेत. जुनी छपाईखोली, वरच्या मजल्यावरची पोटमाळ्याची खोली, मागचं फाटक वगैरे आठ तर तुलाही पटतील. उरले तीन: एकोणीस, बावीस आणि सत्तावीस. सत्तावीस म्हणजे शीतगृहाच्या चार नंबर खोलीच्या आत, दाराशी भिंतीवर टांगलेला तो जुना काळा फोन. त्यावर वर्षभरात एकही बोलणं झालेलं नाही. म्हणून तक्त्यावर विसंबले नाही, स्वतः खाली गेले. माल आत-बाहेर करणारे टोपीवाले काका भेटले, बाहेर वजनकाट्यावर बसणारे काटेवाले काकाही होते. या फोनवर तुम्ही बोलता का, असं दोघांना वेगवेगळं विचारलं. दोघांनीही सांगितलं की छे, त्यावर कधीच कोणी बोलत नाही. त्यांना आता खिडकीचे हातातले सेट दिलेत. टोपीवाल्यांनी तो लोकरी टोपीच्या घडीत ठेवला आणि मला हसून दाखवला.

साहेबांनी तारीख अलीकडे ओढली. शनिवारी, वीस तारखेला, अकराही लाइनी बंद होतील. त्याआधी तुझं काही म्हणणं असेल तर कळव. खरं सांगू, मी आता इतकी दमलेय की तू काही म्हणू नयेस असंच वाटतं.

तुझ्या लोभावरच आठवडा ढकलतेय.

तुझी,
भिंगरी

---

१८ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आत्ता अकराला हातात पडलं आणि लगेच लिहायला बसले. सत्तावीस बंद करू नकोस. बाकीचे दहा खुशाल काढ.

त्यावर कोणी बोलत नाही हे खरंच आहे. तो बोलण्यासाठी नाहीच. चार नंबरमध्ये हात गोठतात. जाड हातमोजे घालून आकडे फिरवता येत नाहीत, म्हणून मी आणि तेव्हाचे फोनमिस्त्री दोघांनी तो असा जोडून घेतला की नुसता उचलला तरी काट्यावर घंटा वाजते. टोपीवाले आत गेले की उचलून ठेवतात, एक घंटा. बाहेर पडताना पुन्हा एक. काटेवाल्यांनी आपल्याकडचा फोन उचलायचा नसतो, त्यांचे हात गाडीच्या वजनात गुंतलेले असतात, नुसतं ऐकायचं. वीस मिनिटांत दुसरी घंटा आली नाही तर उठून दार उघडायचं. त्या दाराची आतली कडी बर्फाने धरते. मी असताना असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा माणूस चालत बाहेर आला. हे कुठेही लिहिलेलं नाही. मी लिहून ठेवायला हवं होतं. निरोप समारंभात हार घालून घेण्यात मी गुंतले, ही माझी चूक.

पत्राला चार दिवस लागतील, म्हणून आता खालच्या शिंपीणबाईंकडे जाते आणि ऑफिसला फोन लावायला सांगते.

लोभ राहू दे, आधी हे काम कर.

तुझी,
आत्या

ता. क. जाऊन आले. पाकीट चिकटवलं नव्हतं म्हणून लिहिते. शिंपीणबाईंनी आपला जुनाच नंबर लावला, पलीकडे बाईचा आवाज आला, मग त्यांनी कसलीशी बटणं दाबली आणि फोन माझ्या हातात दिला. मला ऐकू येत नाही हे आधीच सांगून सगळं नीट सांगितलं. तुमच्याकडची ती नवी मुलगी शांत असावी, शिंपीणबाई म्हणाल्या की एकदाही मध्ये बोलली नाही. आमच्या वेळी असं नव्हतं. आता जीव भांड्यात पडला. हे पत्र उगाचच जाणार, पण तिकीट लावलंय तर जाऊ दे.

---

२७ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बावीस तारखेला संध्याकाळी मिळालं. लाइन वीसला बंद झाली होती. टोपीवाले बावीसलाच सकाळी चार नंबरमध्ये अडकले.

ते आहेत. ही बातमी आधी सांगते. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काढावी लागली.

आत जाताना त्यांनी नव्या सेटवरून काटेवाल्यांना 'आत' असा निरोप पाठवला होता. त्यांना तेवढंच जमतं. काटेवाल्यांच्या सेटवर तेव्हा एकशे चाळीस निरोप साठलेले होते. वरच्या मजल्यावर कोणाचा तरी वाढदिवस होता आणि शुभेच्छा सगळ्या कंपनीला जात होत्या. सेट सारखाच वाजतो म्हणून काटेवाल्यांनी तो गल्ल्याच्या खणात ठेवून दिला होता. दाराची आतली कडी बर्फाने धरली. जाड भिंतीतून आतल्या सेटला रेंज मिळेना आणि थोड्या वेळाने तो गारठून बंदच पडला. पावतीवर सही हवी म्हणून एक गाडीवाला टोपीवाल्यांना शोधत आला, तेव्हा दार उघडलं. सव्वा तास झाला होता.

मी दवाखान्यात गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उलट माझ्या जेवणाची चौकशी केली. मग सांगितलं की काळा फोन अजून भिंतीवरच होता. त्याचे स्क्रू गोठल्यामुळे आमच्या मिस्त्रीने फक्त वायर तोडली होती. त्यांना ते माहीत नव्हतं. ते तो उचलत होते आणि ठेवत होते. हात चालेपर्यंत उचलत होते. मीच तुमच्या समोर उभी राहून विचारलं, तुम्ही खरं तेच सांगितलंत, असं मी म्हणाले आणि रडले. मी चुकीचं विचारलं, आत्या.

सत्तावीस परत सुरू केला. घंटा मी स्वतः उभी राहून बसवून घेतली आणि तुझा नियम तुझ्याच शब्दांत दारावर लावला. साहेबांना सांगितलं की महिनाअखेर वगैरे काही होणार नाही, हवं तर दुसऱ्या कोणाला नेमा.

आता एक सांगायचं राहिलंय, ते सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. तू अठराला फोन केलास तेव्हा पलीकडे कोणी मुलगी नव्हती. यंत्र होतं. जुन्या नंबरावर मीच ते लावलंय. त्यात नोंदवलेले निरोप माझ्या खिडकीत येऊन पडतात. न ऐकलेले दोनशे चौदा होते, मी काल बसून एकेक ऐकले. तुझा एकशे नव्वदावा होता.

चार मिनिटं अकरा सेकंदांचा आहे. तू आधी कंपनीचं नाव घेतलंस, पूर्वी फोन उचलून घ्यायचीस तसंच. सगळं एका मिनिटात सांगितलंस, एकही शब्द जास्त नाही. मग विचारलंस की लिहून घेतलं का. आणि थांबलीस. शिंपीणबाईंच्या शिवणयंत्राची घरघर तेवढी येत राहते. तू पुन्हा विचारलंस आणि पुन्हा थांबलीस. तीन मिनिटं तू त्या मुलीला लिहून घ्यायला वेळ दिलास. शेवटी तिला म्हणालीस की बाई, दमला असाल, मी काही घाईत नाही.

पुढच्या रविवारी येते. दिवे घेऊन येते. तुझ्या लोभाला मी पात्र नाही, तरी तो असू दे.

तुझी,
भिंगरी