लिहिणारीचा नमस्कार

१२ जुलै १९४५, आळंद

लोकरीनं हात खाजताहेत! बाहेर हा उकाडा, आणि आम्ही दहा-बारा बायका शाळेच्या पडवीत बसून पलटणीसाठी मोजे विणतो. तहसीलदारसाहेबांच्या बेगमसाहेबा मधोमध. माझ्या मोज्याची टाच उचलून म्हणाल्या, "ये पाँव है या घूस?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

माझे मोजे बंद झाले. आता माझ्याकडे पत्रं. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आयाबायका येतात, त्या सांगतात नि मी त्यांच्या परदेशातल्या मुलांना लिहिते. बेगमसाहेबांची ताकीद एकच — "रोने की बात नक्को. पढ के जवान का दिल बढना."

आज खजुरीच्या सुभद्राबाई. एकुलता एक मुलगा लिंबाजी, इराकात बसऱ्याला शिपाई. पायरीवर टेकल्या नि सुरू — "लिवा, तांबडी गाय मेली. लिवा, गुडघं लई दुखायलेत." मी लिहिलं, गाय बरी आहे, मीही बरी आहे. वाचून दाखवलं. म्हातारी म्हणाली, "मास्तरीणबाई, मंग मी रडू कुनापाशी?"



१४ जुलै

शाळा, भाकरी, झोप.

२६ जुलै

पार्सलं बांधली. साबण, विड्या, बिस्किटं, मोजे (माझे नाहीत!). सावकारांची सून शिवगंगा प्रत्येक पार्सल शिवण्याआधी त्यावर कुंकवाचं बोट लावते. करंडा माझ्याजवळ होता, म्हणून नुसता तिच्याकडे सरकवायला गेले, तर तिनं झटकन उचलला. "असू द्या बाई, तुम्ही दोरा ओवा."

वाईट मनाची नाही ती. अठरा वर्षं झाली मला विधवा होऊन, नवऱ्याचा चेहराही नीट आठवत नाही. दोरा ओवला. वाईट वाटलं, फार वाटलं, आणि ते सांगायला ही वही सोडली तर कोणी नाही.

२ ऑगस्ट

लिंबाजीचं उत्तर! त्याला लिहिता-वाचता येत नाही. पलटणीतले अंकुशराव कारकून लिहून देतात. नदी इतकी रुंद म्हणे की पलीकडची म्हैस शेळीएवढी दिसते. खजूर खाऊन खाऊन कंटाळला आहे. आणि शेवटी — "माय, तुझी पत्रं आधी दोन ओळींची असायची. आता कोणीतरी जीव लावून लिहितंय. त्या लेकराला माझा रामराम."

लेकराला! चौतीस वर्षांचं लेकरू. ती ओळ वाचताना माझा आवाज चिरकला. सुभद्राबाई म्हणाल्या, "पडसं झालं व्हय?"

घरी येऊन दोन भाकऱ्या करपवल्या.

१६ ऑगस्ट

लढाई संपली! तहसिलीपुढे पेढे वाटले. बेगमसाहेबा म्हणाल्या, जवान घरी पोचेपर्यंत पत्रं चालूच राहतील. सुभद्राबाईंनी भर बाजारात माझा हात धरला — "आता यील न्हवं माझा लिंबा?" येईल म्हटलं. येणारच की!

मग त्याची पत्रं यायची थांबतील. हे मनात आलं याची लाज वाटते.

२३ ऑगस्ट

वेडेपणा केला. सुभद्राबाईंनी पत्र सांगितलं — लवकर ये, घर वाट बघतंय — आणि त्या बाजारात गेल्या. खाली कोपऱ्यात रिकामी जागा होती. तिथे मी बारीक अक्षरात लिहिलं : "लिहिणारीचा नमस्कार. नाव वच्छला."

एवढंच. कुणाला तरी ठाऊक असावं, की मी आहे. मग भीती वाटली. पत्र वाटेत तपासतात, तिकडे कारकून वाचतो. उद्या आळंदभर होईल, मास्तरीणबाई शिपायांना स्वतःचं नाव कळवतात! नोकरी जाईल. डाकवाला दारात उभा, दुसरा कागद नाही. कोपरा फाडला, पत्र पाकिटात घातलं, तुकडा घरी येऊन चुलीत. 

२० सप्टेंबर

उत्तर नाही. दुसरं पत्र टाकलं.

८ नोव्हेंबर

दिवाळी झाली. फराळाची ताटं तीन घरांतून आली, जेवायला बोलावणं एकाही घरून नाही.

लिंबाजीचं पत्र नाही. कडगंची गावचे दोघे जवान पलटणीतून सुटून घरी आले. सुभद्राबाईंनी भिंतींना चुना दिला, एक मुलगीही पाहून ठेवली. मला विचारतात, "तुमाला काय वाटतंय?" जसं काही मला बसऱ्याहून तार येते!

२७ डिसेंबर

पत्र आलं. सुभद्राबाई समोर हात जोडून बसल्या. मी चार ओळी मनात वाचल्या, आणि तोंडानं खोटं बोलले. "खुशाल आहे. काम फार आहे. यायचं नंतर कळवतो म्हणतो."

"इतकंच? कागद तर भरून हाय की."

"अक्षर मोठं आहे," म्हणाले. पत्र माझ्याजवळच ठेवून घेतलं.

२८ डिसेंबर

लिहून टाकते, म्हणजे मला पळ काढता येणार नाही.

आपल्याकडे मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात. फाटका कोपरा दिसला की समजायचं, माणूस गेलं. असलं पत्र घरात ठेवत नाहीत. हे शेंबडं पोरही जाणतं. मी, मास्तरीण, माझ्या ध्यानात आलं नाही! स्वतःचं नाव लपवण्याची एवढी घाई.

लिंबाजीच्या हाती ते पत्र पडलं. घरी माय एकटीच, दुसरं मरणार कोण? अंकुशरावांना वाचूही दिलं नाही. फाडून नदीत सोडलं. पलटणीच्या न्हाव्याकडून डोकं भादरून घेतलं, परक्या पाण्यात तिलांजली दिली — जिवंत आईला! त्याच आठवड्यात साहेबानं विचारलं, घरी जाणार की नोकरी वाढवणार? घरी आता कोण आहे, म्हणून त्यानं अंगठा दिला. तीन वर्षं. त्यानंतर दुसरं पत्र पोचलं. "माय, तू हाईस हे कळून मी रडलो. आता साहेब म्हणतो, अंगठा तो अंगठा."

तीन वर्षं. सुभद्राबाई सत्तरीच्या आहेत.

१० जानेवारी १९४६

बेगमसाहेबांना एकटीला गाठून सांगितलं. रागावल्या नाहीत. विचार करून म्हणाल्या, "नक्को बोलो. बुढिया आस पे जी रई, जीने देव."

तेच तर मी सहा महिने करते आहे. सगळ्यांचं दिल वाढवते. आज सुभद्राबाईंनी लिंबाजीसाठी नवं धोतर घेतलं नि मला पोत दाखवला. मी म्हटलं, छान आहे.

१७ जानेवारी

आज सांगणार होते. त्यांनी पदरातून ज्वारीचा हुरडा काढून दिला, "एकलीच ऱ्हाता, खावा." सांगितलं नाही.

२४ जानेवारी

सांगितलं. पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, एक शब्द गाळला नाही. सुभद्राबाई खाली बघत ऐकत होत्या. तिलांजलीपाशी मान वर केली.

"कोपरा कामून फाडलास?"

पहिल्यांदा मला अगं-तुगं केलं. "मी तिथं माझं नाव लिहिलं होतं, वच्छला," म्हणाले. "मग भ्याले."

"मंग ऱ्हाऊ द्यायचं न्हाई का! बाईच्या नावानं कागद बाटतोय व्हय?"

मला रडू कोसळलं. त्या रडल्या नाहीत. "तीन वर्सं," एवढंच म्हणाल्या, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि उठून गेल्या. बाजाराची पिशवी पायरीवरच राहिली. मी रस्त्यापर्यंत धावले. मागे वळल्या नाहीत.

३१ जानेवारी

सुभद्राबाई आल्या नाहीत. पिशवीत मीठ होतं, त्याला पाणी सुटलं.

७ फेब्रुवारी

आल्या नाहीत. शिवगंगेला विचारलं, खजुरीचं कोणी दिसलं का? नाही म्हणाली. कोणाचंच पत्र लिहावंसं वाटलं नाही. डोकं दुखतं म्हणून घरी आले. खोलीत बसले. बसूनच राहिले. म्हातारी मेली तर ती माझ्या हातून मेली.

१४ फेब्रुवारी

माझ्या दाराला शेळी बांधलेली आहे! सुभद्राबाई सकाळीच बैलगाडीतून उतरल्या — बोचकं, जातं, तवा. शेत बटईनं दिलं म्हणे, घराला कुलूप. "माझं पोरगं तीन वर्सं लांबवलंस. तवर मी तिकडं एकली मरू का? तूच निस्तर." माझ्या चुलीपाशी बसल्या, माझं पीठ हुंगून नाक मुरडलं, आणि हाक मारली, "वच्छे, कागद घे. लिव्ह त्याला — आमी दोघी वाट बघायलोत."