शेवटच्या दोन किलोमीटरसाठी टायर

१ जून, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. विषय एकच: टायर. माणसाने एक विषय धरावा आणि तडीस न्यावा.

आधी वस्तुस्थिती. मार्चमध्ये डबल कॅब पिकअप घेतली. सेकंडहँड, पण दणकट. रोज घर ते शिरोली एमआयडीसी, जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. मागच्या हौद्यात सध्या माझा जेवणाचा डबा असतो. दीक्षाचं (बायको, शाळेत गणित शिकवते) म्हणणं, डब्यासाठी सायकल पुरली असती.

गाडीचे टायर साधे आहेत आणि झिजलेत. नवे घ्यायचे तर ऑल टेरेनच. डांबर, चिखल, दगडगोटे, सगळ्यावर चालणारे. ही हौस नव्हे. अण्णांना गणपतरावांकडे न्यायचंय. अण्णा म्हणजे माझे वडील, वय शहात्तर, निवृत्त एसटी ड्रायव्हर. गणपतराव त्यांचे कंडक्टर. राधानगरीच्या गाडीवर दोघं मिळून बावीस वर्षं. यंदा गणपती झाले की गणपतराव आणि त्यांची बायको तानाबाई घराला कुलूप लावून मुलाकडे पुण्याला जाणार, कायमचे. अण्णा या आठवड्यात तीनदा म्हणाले, एकदा जाऊन याय पायजे. मी शब्द दिला, मी नेतो.

अडचण एकच. गाव राधानगरीच्या पुढे, आणि फाट्यापासून आत दोन किलोमीटर कच्चा रस्ता. २००९ साली तिथे लग्नाला गेलो होतो, तेव्हा माझा एक बूट चिखलात राहिला तो राहिलाच. अशा रस्त्यावर वडिलांना साध्या टायरवर न्यायचं म्हणजे बेजबाबदारपणा.

मुदत: १५ जून.

४ जून, बुधवार

फाउंड्रीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून मला एकोणीस वर्षं झाली. संशय आला की कास्टिंगवर खडूची फुली, म्हणजे माल बाद, विषय संपला. खिशात खडू कायम. शिवाय सेफ्टी कमिटीवर आहे. जानेवारीत भंगाराचा ट्रक यार्डात घसरला, तेव्हा गेटचा नियम मीच लिहिला: टायरच्या नक्षीची खोली दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर वाहन आत येणार नाही, मग ते कुणाचंही असो. 'कुणाचंही'खाली दोन रेघा मारल्या. वॉचमन कृष्णातला ही खोली मोजायचं डेप्थ गेज कसं धरायचं हेही मीच शिकवलं.

असा माणूस टायर निवडायला बसलाय. चूक होण्याचा संभव नाही.

८ जून, रविवार

संग्रामच्या टायरच्या दुकानात तीन तास. व्हर्नियर आणि गेज घेऊन गेलो होतो. सात टायर तपासले, सात रिजेक्ट. एकाची नक्षी एका बाजूला पाव मिलिमीटर कमी. दुसरा चौदा आठवड्यांपूर्वी बनलेला. तिसऱ्यावरचे ते रबराचे बारीक केस डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. संग्राम म्हणाला, पावणं, टायर घ्यायलाईसा का पोरीला स्थळ बघायलाईसा? हसून सोडून दिलं. बाहेरच्या लोकांना क्वालिटी कळत नाही.

घरी अण्णांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, तीस वर्सं रिमोल्डवर (झिजल्या टायरवर नवं रबर चढवतात ते) घाट उतरलो. टायर न्हाय रं, ब्रेकवरचा पाय कळाय लागतो. अण्णांची पिढी नशिबावर चालली.

१० जून, मंगळवार

संग्रामचा फोन. आवाज चढलेला. परवा तपासताना मी सवयीने सातही टायरवर खडूने फुल्या मारल्या म्हणे. काल गारगोटीचं एक गिऱ्हाईक फुल्या बघून परत गेलं. संग्राम म्हणाला, आता एकतर सातच्या सात घ्या, न्हायतर येऊन पुसा.

संध्याकाळी ६ ते ७.३० टायर पुसले. पुसताना शेजारच्या आठव्या टायरात दोष दिसला. सांगितला नाही.

१५ जून, रविवार

मुदत वाढवली. ३० जून. घाईत घेतलेला टायर म्हणजे घाईत केलेलं लग्न, असं दीक्षाला म्हणालो. ती म्हणाली, आपलं पंधरा दिवसांत ठरलेलं. विषय बदलला.

१९ जून, गुरुवार

संध्याकाळी अण्णांच्या चपलांना लाल माती. विचारलं तर म्हणाले, फिराय गेलतो. ते फिरतात त्या रंकाळा तलावाभोवती लाल माती कुठून आली? महापालिकेने भर टाकली असणार.

स्वयंपाकघरात डबाभर खरवस. अण्णा म्हणाले, एकानं दिला. तीन वड्या खाल्ल्या. अप्रतिम.

३० जून, सोमवार

एक्सेल शीट तयार. अकरा कंपन्या, तेवीस रकाने. सगळ्यात जास्त गुण मिळालेला टायर आपल्या मापात येतच नाही. आता मापाचाच पुनर्विचार करावा लागेल. मुदत: १५ जुलै. ही मात्र शेवटची.

१० जुलै, गुरुवार

पाऊस थांबत नाही. अण्णा छत्री घेऊन सकाळीच बाहेर. एवढ्या पावसात कुठे जातात? दीक्षा म्हणाली, मोठं माणूस आहे, जाऊ दे की. तिने त्यांना भाकरी बांधून दिली होती. रंकाळ्यावर फिरायला भाकरी कशाला? वयपरत्वे भूक वाढते, वाचलं होतं.

२४ जुलै, गुरुवार

नदी वाढतेय. सेवारस्त्यावर पाणी आलं तर शिरोलीचं अख्खं ऑफिस माझ्या हौद्यातून जाईल. चौघांना तसं सांगूनही ठेवलं. ऑल टेरेन असते तर आज उपयोगी पडले असते.

रात्री ९: पाणी आलं नाही. सगळे आपापल्या मोटरसायकलने गेले.

अण्णांना विचारलं, गणपतरावांना निरोप द्यायचा का, की येतोय, तयारी चालू आहे? म्हणाले, त्याला ठावं हाय. मनाने मनाला कळतं म्हणतात ते हेच.

१८ ऑगस्ट, सोमवार

आजचा प्रसंग लिहू नये असं वाटत होतं. पण रोजनिशीशी खोटं बोलायचं नाही.

सकाळी ८.२० ला कंपनीच्या गेटवर कृष्णातने गाडी अडवली. म्हणाला, सायेब, आज सगळ्यांची टायरं बघायचा दिवस हाय. मी म्हणालो, बघ की. खाली वाकला. गेज अगदी मी शिकवल्यासारखं धरलं, सरळ, दाब न देता. दीड मिलिमीटर. म्हणाला, आत न्हाय जायची. मी म्हणालो, अरे, मी कोण आहे? त्याने भिंतीवरचा कागद दाखवला. माझं अक्षर, माझी सही, 'कुणाचंही'खाली दोन रेघा. मागे भंगाराचे तीन ट्रक हॉर्न वाजवत उभे.

गाडी बाहेर लावून चालत आत गेलो. कृष्णातच्या कामाचं रजिस्टरमध्ये कौतुक लिहिलं. मनापासून नाही.

२४ ऑगस्ट, रविवार. ऐतिहासिक दिवस

टायर घेतले. मूळ मापापेक्षा एक नंबर रुंद, एक नंबर उंच. अकरा मिलिमीटर नक्षी. गाडी आता गाडी वाटते. पाचवा टायर मात्र दोन आठवडे जुन्या बॅचचा निघाला. रिजेक्ट. संग्रामने हात जोडले. स्टेपनीला जुन्यातलाच त्यातल्या त्यात बरा टायर ठेवला. स्टेपनी लागते कधी?

अण्णांना खाली बोलावून दाखवलं. टायरवर हात फिरवला आणि म्हणाले, ब्येस हायत. मला भरून आलं. त्यांनी लगेच विचारलं, मग कवा जायचं?

तेव्हा सांगावं लागलं की नव्या टायरला रनिंग-इन लागतं. पाचशे किलोमीटर सावकाश. त्याशिवाय घाट नाही. अण्णा बरं म्हणाले आणि वर गेले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

किरकोळ निरीक्षणं. वेगात टायर गुणगुणतात. दीक्षाच्या मते गुणगुणत नाहीत, गिरणी चालते. गल्लीत पूर्ण स्टिअरिंग मारलं की टायर मडगार्डला घासतो. म्हणून पूर्ण मारत नाही. कोपऱ्यापासून रिव्हर्समध्ये येतो. गल्लीतली मंडळी रोज संध्याकाळी आपण होऊन हात दाखवायला उभी राहतात. आपुलकी आहे.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. रनिंग-इन ३६१ किलोमीटर. आज रंकाळ्याला नऊ फेऱ्या मारल्या. दहाव्या फेरीला पोलिसाने थांबवून विचारलं, कुणाला शोधताय काय?

दीक्षा म्हणाली, गणपती बुडाले, अण्णांना घेऊन उद्याच्या उद्या निघा. मी हिशेब दाखवला. पुढच्या रविवारी पाचशे बरोबर भरतात. आणि गणपती बुडाले म्हणून दुसऱ्या दिवशी कोण पुण्याला पळतं? घर आवरायला आठ-पंधरा दिवस जातातच.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिचं वर्गातलं बघणं.

११ सप्टेंबर, गुरुवार

अण्णा अंधार पडल्यावर आले. जेवले नाहीत. उशाशी काळ्या दोऱ्यातली पितळी किल्ली ठेवून झोपले. कसली म्हणून विचारलं, तर म्हणाले, हाय जुनी.

रविवारची ओढ लागली असणार. मलाही लागली आहे.

१४ सप्टेंबर, रविवार. रात्री ९.३०

सविस्तर लिहितो. सुचेल तसं.

निघालो ७ ला. भोगावतीपर्यंत अण्णा काहीतरी सांगत होते, टायरच्या आवाजात ऐकू येईना. मग त्यांनी कानातलं मशीन काढून खिशात घातलं आणि खुणेने वळणं दाखवू लागले. मोबाइलचा नकाशा दोनदा चुकला, अण्णा एकदाही नाही.

फाटा आला. मी गाडी थांबवली, हवा थोडी कमी केली (चिखलासाठी करतात), बाही वर केली आणि वळलो.

सिमेंटचा रस्ता. पांढरा, कोरडा, दोन्ही बाजूंना गटार. त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती. काम फेब्रुवारीत पूर्ण झाल्याचा बोर्डही होता. नव्या सिमेंटवर टायर फारच ओरडतात.

गणपतरावांच्या दाराला कुलूप.

अण्णांना म्हणालो, उशीर झाला, माझ्यामुळे झाला. पहिल्यांदाच म्हणालो. अण्णांनी मशीन कानात घातलं, खिशातून काळ्या दोऱ्यातली किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. आत गेले, खिडकी उघडली, फळीवरची काडेपेटी न बघता काढली, चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

शेजारच्या धोंडुबाई डोकावल्या. म्हणाल्या, आण्णासो, आज ऐतवारी कसं काय? गुरुवार न्हवं. मग मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, ह्योच व्हय टायरवाला?

त्यांच्याकडूनच कळलं. जूनच्या पहिल्या गुरुवारपासून अण्णा दर गुरुवारी येतात. पंच्याहत्तरीच्या पुढे एसटी फुकट. रंकाळा स्टँडवरून गाडी, फाट्यापासून दोन किलोमीटर चालत. दुपारी दोघं सोप्यात बसायचे. गणपतराव जुनी तिकिटाची पेटी काढायचे, अण्णा जुन्या प्रवाशांची नावं घ्यायचे. खरवस तानाबाईंचा. परवा शुक्रवारी सकाळी दोघं पुण्याला गेले. आदल्या दिवशी अण्णा आणि गणपतराव दिवसभर पायरीवर बसून होते, धोंडुबाई म्हणाल्या, पर बोलंना कोनच. संध्याकाळी अण्णा निघाले तेव्हा गणपतरावांनी घराची दुसरी किल्ली त्यांच्या हातात दिली, म्हणाले, आठवड्यातून एकदा घर उघड, वास मारतंय.

दीक्षाला सगळं माहीत होतं. भाकरीवरून मला कळायला हवं होतं.

अण्णांना विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, तू टायर बघत हुतास. मग आज कशाला आलात, सगळं होऊन गेल्यावर? त्यांनी चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, येवढी टायरं घेतलीस, म्हटलं तुला फिरवून आनावं.

चहा कोरा होता. डोळ्यात धूर गेला.

परतताना त्या सिमेंटच्या रस्त्यावर, फाट्याच्या अलीकडेच, बांधकामाचा खिळा घुसला. अकरा मिलिमीटर नक्षीतून आरपार. हवा कमी केलेली, त्यात हे. स्टेपनी लहान मापाची, गाडी एका कुशीवर कलली. अण्णांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, चार-दहाची एसटी हाय, मी फुडं हुतो. मी नट आवळत असताना फाट्यावर ती एसटी थांबली. ड्रायव्हरने खाली उतरून अण्णांना हात दिला.

अण्णा साडेसहाला घरी. मी नऊला, कललेला.

१५ सप्टेंबर, सोमवार

गेट. कृष्णातने तीन टायर मोजले, अकरा, अकरा, अकरा. चौथ्याशी वाकला आणि वर बघितलं. मी गाडी बाहेर लावली. कागदावरच्या दोन रेघा अजून ठळक आहेत. चांगली शाई होती.

१८ सप्टेंबर, गुरुवार

रजा टाकली. कारण: कौटुंबिक. गाडी पंक्चरवाल्याकडे पडून आहे, म्हणतो एवढ्या रुंद टायरला त्याचं मशीन पुरत नाही.

नऊ वाजता अण्णा छत्री आणि किल्ली घेऊन निघाले. दीक्षाने भाकरी बांधली होती. नेहमीपेक्षा दुप्पट. विचारलं, मी येऊ का? अण्णा म्हणाले, चल की. सुटं पैसं घे, माझं फुकट हाय, तुझं न्हाय.

रंकाळा स्टँडवर राधानगरी लागलेली. मी सवयीने मागच्या चाकाशी वाकलो. रिमोल्ड. नक्षी जेमतेम. एका कडेला पाव मिलिमीटर कमी, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. हात खिशात गेला.

अण्णा पायरीवरून म्हणाले, खडू ठेव खिशात, आन् वर चढ.