माझ्या नावावर दुसऱ्याची आज्ञा

रविवार, ६ सप्टेंबर. सकाळी ९ वाजून ४२ मिनिटं.

वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाची. चर्चच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. तीन वर्षं सांगते आहे, कोणी शिडी आणत नाही.

नेमक्या याच वेळी माझ्यावर अन्याय झाला.

प्रवचन आज्ञापालनावर होतं. पाळकसाहेब चौतीस वर्षांचे. त्यांचा जन्म झाला तेव्हा मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसलेली होते. असे रोज वीस नोंदवत होते. आता ते मला आज्ञापालन शिकवतात. म्हणाले, देव तुमच्यात काम करतोच आहे, तुम्ही फक्त सहकार्य करा. 'कृपया सहकार्य करा' ही पाटी आमच्या ऑफिसात खिडकीवर होती. अर्थ एवढाच, की रांगेत उभे राहा आणि बडबड करू नका. ती पाटी मीच लावली होती.

मग टोपली फिरवली. टोपलीत चिठ्ठ्या. प्रत्येकाने एक उचलायची, त्यावरची आज्ञा तीन आठवड्यांत पाळायची. लग्नघरातले खेळ झाले हे! माझी पाळी असताना शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी मध्येच कोपर घातलं, चिठ्ठ्या हलल्या, आणि माझ्या हाती आली ती अशी:

'ज्याचं मन तुम्ही दुखावलं आहे, त्याच्याकडे स्वतः जा.'

तीनदा वाचली. उलटी करून पाहिली. मला लागूच होत नाही. मी कोणाचं मन दुखावलेलं नाही. लोकांची मनं दुखतात, तो वेगळा विषय.

ही चिठ्ठी माझी नाही.

सोमवार, ७ सप्टेंबर.

रात्रभर शांत झोप लागली. ज्याचं मन स्वच्छ, त्याला लागते.

आज्ञापालनाबद्दल मला कोणी सांगू नये. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर टोपल्या फिरवत नव्हत्या. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की बसायचं. का, म्हणून विचारलं की बाकावर उभं. आज्ञाधारकपणाची निळी रिबीन मला लागोपाठ तीन वर्षं मिळाली. तिसऱ्या वर्षी त्या दुसऱ्याच मुलीला देत होत्या. मी चूक लक्षात आणून दिली.

सकाळी दहाला पाळकसाहेबांना फोन केला. चिठ्ठी चुकीच्या व्यक्तीकडे आली आहे, बदलून द्यावी. ते म्हणाले, मावशी, चिठ्ठी आपण निवडत नाही, ती आपल्याला निवडते. मी म्हटलं, मी एकाच माणसाची मावशी आहे आणि त्याच्याशीही बोलत नाही. मग म्हणाले, मावशी, यावर प्रार्थना करा.

केली. देवाला परिस्थिती समजावून सांगितली. त्याच्याकडून हरकत आली नाही.

बुधवार, ९ सप्टेंबर.

दातांच्या डॉक्टरांकडे गेले. बिघाड त्यांच्या कोपराने झाला, निस्तरायचाही त्यांनीच. म्हटलं, अदलाबदल करू. त्यांची चिठ्ठी: 'तीन आठवडे कशाबद्दलही तक्रार करू नका.' सोपी आहे. मला एका आठवड्यातही जमेल.

डॉक्टर आपल्याच खुर्चीत आडवे होऊन हसले. म्हणाले, बाई, बदलायला माझी ना नाही, पण तुम्हाला ती झेपायची नाही.

या उद्धटपणाबद्दल लगेच पाळकबाईंकडे तक्रार केली. पाळकबाई म्हणजे पाळकसाहेबांची बायको. त्यांच्याकडे कुठलीही गोष्ट पोचली की ती 'प्रार्थनेसाठी' म्हणून अख्ख्या मंडळीत जाते. मला म्हणाल्या, बरं झालं आलात, तुमच्या बहिणीबद्दल कळलं का? या एकोणतीस तारखेला, मंगळवारी, कायमची जाते आहे मुलाकडे. समुद्रापार. घर विकलं. आता परत येणं नाही.

मी म्हटलं, कळलं होतं.

कळलं नव्हतं.

गुरुवार, १० सप्टेंबर. पहाटे ५.

उलगडा झाला. चिठ्ठी धाकटीची आहे.

टोपली आधी आमच्या बाजूला फिरली, नंतर खांबापलीकडे, जिथे धाकटी बसते. कोपर मध्ये आलं नसतं तर चिठ्ठी बरोबर तिच्यापर्यंत गेली असती. देवाने पत्ता बरोबर घातला होता, वाटपात घोळ झाला. असे घोळ मी चौतीस वर्षं निस्तरले आहेत.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. पाच वर्षं आमचं बोलणं नाही. सुरुवात तिने केली. म्हणजे बोलणं मी बंद केलं, पण ते कशामुळे? आई गेली तेव्हा धाकटीकडे होती. ताप मंगळवारी आला, डॉक्टर गुरुवारी आला, आई शुक्रवारी गेली. दफन झाल्यावर घरी चौदा माणसं जमली होती. त्यांच्यासमोर मी एवढंच विचारलं, की मधला बुधवार कुठे गेला? आरोप नाही, शिवी नाही. तारखा विचारल्या. तारखांनी मन दुखत असेल तर कॅलेंडर घरात ठेवू नये.

त्यावर ती एक अक्षर बोलली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली. हा माझा अपमान. चौदा साक्षीदार आहेत.

तेव्हा माझ्याकडे येण्याची आज्ञा तिला आहे. एकोणतीसच्या आत चिठ्ठी तिच्या हाती पडली पाहिजे, मग ती येईल. तिला आज्ञा पाळायला लावायची, हेच माझं सहकार्य. उद्यापासून अंमलबजावणी.

रविवार, १३ सप्टेंबर.

उपासनेच्या अर्धा तास आधी गेले. धाकटीच्या जागेवरच्या गीतांच्या पुस्तकात चिठ्ठी ठेवली, अर्धी बाहेर दिसेल अशी. काम फत्ते.

दुसऱ्या गीताला तिला ती दिसली. वाचली. इकडेतिकडे पाहिलं. कोणाची तरी राहिली असं वाटून पाळकबाईंना नेऊन दिली. पाळकबाईंनी ती भर चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, मावशी, ही घ्या, तुमची आज्ञा हरवली होती.

डॉक्टरांना चहाचा ठसका लागला. लागू दे.

बुधवार, १६ सप्टेंबर. दुपारी ४.

आता स्वतः जाऊन देणार. दारातूनच. बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही, तीन मिनिटांत परत. चप्पल काढायची नाही म्हणजे प्रश्नच मिटला.

तोच दिवस, संध्याकाळी ७.२५.

परत आले. थोडा उशीर झाला.

दार उघडलं, धाकटी म्हणाली, ताई. पाच वर्षांत बारीक झाली आहे. केस रंगवायचे सोडले, चांगलं दिसत नाही. मी चिठ्ठी पुढे केली. तिने हात लांब करून वाचली, आणि चिठ्ठी हातात तशीच धरून माझ्या गळ्यात पडली. भर जिन्यात. समोरच्या दाराची कडी वाजली.

मी स्पष्ट सांगितलं, गैरसमज होतो आहे, ही चिठ्ठी तुझी आहे. तर रडतरडत म्हणते, हो गं ताई, माझीच. हे म्हणजे कबुली होत नाही, हे तिला कोणी सांगायचं?

चप्पल काढावी लागली, कारण तिने फरशी नुकतीच पुसली होती. घर ओकंबोकं. भिंतींवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. एकोणीस खोकी. चहा घेतला, कारण तो आधीच कपात ओतला होता. दीड चमचा साखर. विचारलं नाही, घातली.

मग ती आपली इकडचं तिकडचं बोलत राहिली. बुधवारचा विषय काढेना. शेवटी मलाच काढावा लागला, नोंद अर्धवट ठेवणं मला जमत नाही. म्हटलं, त्या बुधवारी तू ऑफिसात मला दोनदा फोन केला होतास. माझ्याकडे ऑडिट होतं. मी म्हटलं, पाचनंतर कर.

ती म्हणाली, जाऊ दे ताई.

म्हटलं, जाऊ दे कसं, झालेलं आहे ते.

ती म्हणाली, मी कोणाला सांगितलं नाही.

ते मला माहीत आहे. पाच वर्षं मी कान लावून होते.

निघताना जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, माझ्या मनात काही नाही गं, मी कधीच माफ केलं. मी माफी मागितली नव्हती. न मागता माफ करणं म्हणजे दार न वाजवता घरात शिरणं. मी तसं बोलणार होते. जिना फार अंधारा होता, खाली बघून उतरावं लागलं.

रविवार, २० सप्टेंबर. सकाळी १०.०५.

दुसरा अन्याय. पहिल्यापेक्षा मोठा.

साक्षीची वेळ, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. धाकटी उठली. म्हणाली, पाच वर्षं मी जी प्रार्थना करत होते ती ऐकली गेली, माझी ताई स्वतः माझ्या दारात आली, प्रभूने तिच्यात काम केलं आणि तिने आज्ञा पाळली. मंडळीने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर उभं राहून वाजवत होते.

मी खरी हकीकत सांगायला उठले. ऑर्गन वाजवणारीला वाटलं मी गीत सुरू करते आहे. तिने सूर दिला. दोनशे माणसं गायला लागली. मला चारही कडवी उभं राहून म्हणावी लागली.

चर्चच्या सेक्रेटरीने वहीत नोंद केली. मी नंतर पाहिली. 'आज्ञापालन झाले', पुढे माझं नाव. शाईने.

सोमवार, २१ सप्टेंबर.

दुरुस्तीचा अर्ज दिला. दोन प्रतींत. मजकूर: सदर नोंद वस्तुस्थितीला धरून नाही. अर्जदार कोणाकडेही माफी मागण्यास गेलेली नसून केवळ चुकून आलेला कागद योग्य व्यक्तीस पोचवण्यास गेली होती. सबब 'आज्ञापालन झाले' हे शब्द खोडावेत.

पाळकसाहेबांनी दोनदा वाचला. म्हणाले, मावशी, म्हणजे तुम्ही देवाची आज्ञा पाळली नाही असं तुम्हाला लेखी हवं आहे?

म्हटलं, हो. शिक्क्यासह.

चष्मा काढून बराच वेळ पुसत होते. मग म्हणाले, नोंद दुरुस्त करायला ज्याने माहिती दिली त्याची सही लागते, असा आपल्या कमिटीचा नियम आहे. तीन वर्षांपूर्वी तो नियम करून घेणाऱ्या कोण होत्या, आठवतंय ना?

नियम अत्यंत योग्य आहे. माहिती देणारी धाकटी. आठ दिवस उरले. एक सही, दोन मिनिटांचं काम.

मंगळवार, २२ सप्टेंबर.

धाकटी म्हणाली, करते ना सही, पण वाचायचा चष्मा खोक्यात गेला गं. कुठल्या खोक्यात, माहीत नाही. न वाचता सही मी कोणाकडूनच घेत नाही. चार खोकी उघडली. चष्मा नाही.

बुधवार, २३ सप्टेंबर.

आणखी आठ खोकी. बाई काचेची भांडी तळाला ठेवते आणि वर पुस्तकं. लहानपणी दप्तरही असंच भरायची. सगळं नव्याने भरून दिलं. हे सहीसाठी, बाकी काही नाही. जेवण तिथेच झालं.

शुक्रवार, २५ सप्टेंबर.

चष्मा सापडला. तिने अर्ज वाचला. म्हणाली, ताई, काय सुंदर भाषा आहे, आईला वाचून दाखवली असती. 'सबब' या शब्दाला तिला हसू फुटलं. मग मला खोकला आला. बराच वेळ दोघींना बोलता येईना. सही राहिली. उद्या नक्की.

शनिवार, २६ सप्टेंबर.

भाच्याचा फोन आला, तिने माझ्या कानालाच लावला. तो म्हणाला, मावशी, तूही ये की इकडे. मी म्हटलं, मी कामासाठी आले आहे.

रविवार, २७ सप्टेंबर.

तीन आठवडे संपले. पाळकसाहेब म्हणाले, ज्यांनी आज्ञा पाळली त्यांनी हात वर करावा. मी केला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. डॉक्टरांनी माझं कोपर खालून वर ढकललं. त्यांच्याविषयी स्वतंत्र अर्ज.

मंगळवार, २९ सप्टेंबर. सकाळी ११.२०.

टॅक्सी या वेळी सुटली.

मी पूर्ण तयारीने गेले होते. अर्ज, दोन पेनं, कागदाखाली धरायला पुठ्ठा, शिवाय शाईचा पॅड, वेळ आली तर अंगठाही चालला असता. पण तिने माझे दोन्ही हात धरून ठेवले ते टॅक्सी हलेपर्यंत सोडलेच नाहीत. सही कोणत्या हाताने घेणार?

रस्त्यात उभं राहून हात हलवण्याची मला सवय नाही. टॅक्सी दोन सिग्नलवर थांबली, म्हणून वेळ लागला.

बुधवार, ३० सप्टेंबर.

सकाळी पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, मावशी, तुम्हाला इतका त्रास होतोय तर मी ती नोंद खोडली, सहीचं राहू द्या, विषय संपला.

मी त्यांना उभ्या उभ्या सुनावलं. सहीशिवाय खोडलीच कशी? नियम म्हणजे काय खेळ आहे? सही येईपर्यंत नोंद होती तशी परत लिहा. शाईने. त्यांनी तिथेच वही काढून लिहिली. मी तपासली. विषय संपला म्हणे! विषय संपवणारे हे कोण?

दुपारी पत्र लिहिलं, रजिस्टर पोस्टाने जाईल. नक्कल इथे ठेवते:

'धाकटीस,

दुरुस्तीचा अर्ज तुझ्या सहीअभावी प्रलंबित आहे. प्रत जोडली आहे. सही करावी, अथवा का करत नाहीस याची कारणं सविस्तर कळवावीत. सोबत तिथली खोली कशी आहे, खिडकी कुठल्या दिशेला, गुडघा कसा आहे आणि काचेचं काय काय फुटलं, ही माहिती अर्जाच्या संदर्भात आवश्यक आहे.

उत्तर लेखी हवं. फोन, भाच्याकडून निरोप किंवा पाळकबाईंमार्फत प्रार्थनेचा विषय, यातलं काहीही ग्राह्य धरलं जाणार नाही. अक्षर तुझंच असावं. दोन पानांपेक्षा कमी नको.

गुरुवार, १५ ऑक्टोबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत उत्तर माझ्या हाती पडलं नाही, तर मला तिथे प्रत्यक्ष हजर व्हावं लागेल, आणि त्याची संपूर्ण जबाबदारी तुझ्यावर राहील.'