होडीबद्दल अर्ज करू नये

पिट्सबर्ग, गुरुवार, १४ नोव्हेंबर १८११. पहाटे हिम पडले. गाईचे दूध काढले, कबरीवर जाऊन आले, मग हे मृत्युपत्र लिहायला बसले.

मी मार्जरी, कॅप्टन निनिअन डेनहोम यांची विधवा, वय एकसष्ट. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे, बुद्धी शाबूत आहे. कोणी भरीला घातलेले नाही. उलट भाचा ह्यू याने दुसरेच लिहायचा आग्रह केला, तो मी मानलेला नाही.

घर व परसबाग ह्यूला. नदीकाठची जमीन देता येत नाही, ती विकली गेली. यजमानांकडे सैन्याच्या रसदेचे काम असताना किल्ल्याकडे निघालेली पिठाची होडी बुडाली, सोबत पावत्याही. युद्धखात्याच्या हिशेब तपासनिसाने कळवले, पावती नसेल तर रक्कम तुम्ही भरा. इतर अधिकारी अशा वेळी संसदेकडे माफीचा अर्ज करत. आमचे जनरल जेवायला आले होते, ते म्हणाले, "कर की अर्ज, डेनहोम. मी शब्द टाकतो."

यजमान म्हणाले, "माझी होडी माफ झाली, साहेब, तर पुढच्या वर्षी या नदीत एकही होडी तरंगायची नाही."

जनरलांच्या स्वतःच्या बागेचे कुंपण सरकारी पगारावरच्या शिपायांनी घातले होते. ते पुन्हा आमच्याकडे जेवले नाहीत. त्यांना काही ठेवत नाही.

जमीन गेल्याचे मला वाईट वाटले. यजमानांचे चुकले असे कधी वाटले नाही.

घराला अट आहे. होडीबद्दल अर्ज करू नये. केल्यास घर चर्चला जाईल. परवा ह्यू म्हणाला, "मामी, लेफ्टनंट टॉरन्सच्या डोळ्यांदेखत होडी बुडाली, तो शपथेवर सांगायला तयार आहे. पैसे परत मिळतील. मामा तर गेले, आता रागवणार कोण?"

"मी," म्हटले.

यजमानांचे खोगीर लेफ्टनंट आयझॅक टॉरन्स यांना. त्यांनी बायकोचे कपाट वाहायला सरकारी घोडे लावले, म्हणून यजमानांनी त्यांचा पगार कापला होता. दफनाच्या दिवशी खांदा देऊन म्हणाले, "वहिनी, वर्षभर शिव्या घातल्या मी त्यांना. मग त्यांनी स्वतःची जमीन विकून पैसे भरले, तेव्हा गप्प झालो."

शेवटच्या आजारात टॉरन्सनीच छावणीच्या कोठारातून घोंगडी आणली. पांघरण्याआधी यजमान त्यांना म्हणाले, "पावती लिहून घे." ते सही करताना मी दौत धरली.

टॉरन्स म्हणाले, "कॅप्टन, तुम्ही मेलात तर वसूल कुणाकडून करू?"

"हिच्याकडून. ही माझ्याहून कडक आहे," म्हणाले आणि हसले.

ती घोंगडी सरकारची आहे. तिच्यावर कोणाही वारसाचा हक्क नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व साक्षीदारांसमोर सही केली.

मार्जरी डेनहोम

साक्षीदार: कॅस्पर रायमन, नालबंद
एनस मकब्राइड, शिक्षक

सहीनंतर लिहिते. साक्षीदार गेले. टॉरन्स उद्या घोंगडी न्यायला येतील. तिला अजून यांच्या तंबाखूचा वास होता. साबण लावून धुतली आणि चुलीपुढे वाळत घातली.