बर्फातलं इन्शुलिन

२२ एप्रिल १९५४, डोंबिवली
डॉक्टरांनी इन्शुलिन सुरू केलं. रोज सकाळी एकदा, जन्मभर. म्हणाले, नवा माठ ओल्या वाळूत रोवा, बाटली त्यात ठेवा. गार राहू दे, पण गोठू देऊ नका. जुन्या वळणाचे गृहस्थ. बाटली मी सांभाळणार. मंदाकिनीने फक्त टोचायचं.

२४ एप्रिल
माठ पाहिला. बायकी उपाय. घरमालक काळुरामशेठकडून आइस्क्रीमचा पॉट आणला. बर्फ कल्याणहून.

२५ एप्रिल
बर्फाचं दुपारीच पाणी. बर्फात मीठ घालतात, म्हणजे तो टिकत असणार. शेठचं मिठागर आहे. घमेलंभर मीठ मिळालं. अण्णा, दूध कवा वतायचं, असं शेठ विचारून गेले. दुर्लक्ष केलं.

२६ एप्रिल, सकाळी
बाटली दगडासारखी गोठली. अपेक्षेपेक्षा जास्त यश. मंदाकिनी म्हणाली, अहो, डॉक्टर काय म्हणाले होते? म्हटलं, गार. बाटली बनियनखाली धरून वितळवली. आत पांढरे कण तरंगत होते. अर्क वर आला असावा. टोचून घेतलं.

२९ एप्रिल
लघवीतली साखर तपासली. निळं औषध उकळल्यावर निळंच राहायला हवं, विटकरी झालं. नळी नीट धुतलेली नसावी. तहान फार. उन्हाळाच आहे.

२ मे
पुन्हा विटकरी. मंदाकिनी म्हणते, आत्ता डॉक्टरांकडे चला. नव्या पद्धतीला वेळ द्यावा लागतो, हे तिला पटत नाही. रडली. मीठ वाढवलं.

४ मे
जिन्यात घेरी आली. शेठने उचलून टांग्यात घातलं.

५ मे, दवाखाना
डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, यात औषध उरलेलंच नाही, आणखी दोन दिवस असेच काढले असतेत तर तुम्हीही उरला नसतात. मिठाचं प्रमाण त्यांनी विचारलंच नाही.

९ मे
घरी आलो. नवी बाटली डॉक्टरांनी मंदाकिनीच्या हातात दिली. बाटली शेठच्या घरी आहे, एवढंच कळलं. नेमकी कुठे, म्हणून शेठच्या बायकोला, सगुणाबाईंना विचारलं. अण्णा, तुमाला सांगायचा नाय, वहिनींनी शपथ घातलीय, म्हणाल्या. जोरात हसत होत्या.

१२ मे
आज निळा रंग आला, असं मंदाकिनी म्हणते. मला नळी धरू दिली नाही.